मामाची मांडी आणि सईची खुर्ची

सांगलीहून निघायला आम्हाला उशीर झाला तो सईच्या खुर्चीमुळे. गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने आवळून बसवायची ही लहान मुलांची खुर्ची. तिच्यात बसलेल्या बाळाचे तोंड मागच्या काचेकडे असते. खुर्ची बसवायची, गदागदा हलवून बघायची, पुन्हा आवळायची, हा माझा नेम. माझी बायको नीता दारात उभी राहून म्हणाली, "देवीलाही बांधूनच आणणार आहात का?" मी शाळेत गणित शिकवतो. दुसऱ्याच्या चुका काढायची खोड अंगात मुरलेली, त्यामुळे असले टोमणे मी कानाआड करतो.

सई चौदा महिन्यांची. कोयनानगरच्या वर, डोंगरात आमची कुलदेवी आहे. तिथे सईचे जावळ (बाळाचे जन्मापासूनचे केस पहिल्यांदा उतरवण्याचा विधी) करायचे होते. जावळाला मूल बसते मामाच्या मांडीवर, म्हणून आधी विट्याला जाऊन मामाला उचलायचे होते. थंडीचे दिवस, उसाची तोड जोरात. तासगाव सोडेपर्यंत उसाने फुगलेल्या ट्रॉल्यांच्या मागून आम्ही बैलगाडीच्या चालीने सरकत होतो. सई मागच्या काचेतून दिसणाऱ्या ट्रॉलीवरच्या उसाचे हलते शेंडे बघून टाळ्या पिटत होती.

मामा म्हणजे नीताचा धाकटा भाऊ संताजी. विट्याकडच्या बऱ्याच जणांप्रमाणे त्याचाही गलाईचा (जुने सोने वितळवून शुद्ध करण्याचा) धंदा आहे, तो कोइमतूरला. भाचीच्या जावळासाठी बायकोला आणि लहान मुलीला, परीला, तिथेच ठेवून दोन दिवस रेल्वेत बसून आलेला. गाडी थांबायच्या आत त्याने पुढचे दार उघडले, बसला आणि दोन्ही हात मागे पसरले.

"दाजी, पोरगी द्या की हिकडं."

"खुर्चीत बसेल ती," मी म्हणालो.

"आवं, भाचीला बांधून नेताय व्हय? तिनं काय चोरी केलीया?" मग त्याने आपले तळवे माझ्यासमोर धरले. बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. "ह्या हातानं तापलेलं सोनं वततो मी. आजवर थेंब सांडला न्हाई. ही एवढीशी पोर सांडंल व्हय माझ्याकडनं?"

दारातून सासूबाईंनी त्याची बाजू घेतली. "जावईबापू, लय आशेनं आलाय त्यो. घिऊ द्या की."

सोन्याच्या त्या हातांपुढे माझे गणित फिके पडले. शेवटी नीताच म्हणाली, "संत्या, देवळात तुझी मांडी. गाडीत तिची खुर्ची." संताजीचे तोंड उतरले. सासूबाईंनी लाल फडक्यात बांधलेला देवीचा नारळ आणून त्याच्याकडे दिला आणि बजावले, पायापाशी ठेवायचा नाही. गाडीने टुणटुण करून त्याला पट्टा लावायला लावला. तो दोन्ही हातांनी नारळ मांडीवर धरून बसला.

कराड ओलांडले आणि पाटणची वाट लागली, तसे डोंगर जवळ आले. पाटणला चहाला थांबलो. गरम वडे, सोबत तिखट तळलेली मिरची. संताजीने सईला खांद्यावर घेऊन अख्खे स्टँड फिरवले, म्हशी दाखवल्या, एसटी दाखवली. ती मामाच्या टोपीला लटकून खिदळत होती. पण पुन्हा खुर्चीत बसवले आणि तिने असा काही भोंगा पसरला की चहावाला गल्ल्यावरून उठून बघायला आला.

पाटण मागे पडले तरी रडे थांबेना. खुळखुळा झाला, बिस्किट झाले, गाणे झाले. संताजीचे डोळे भरून आले. "दाजी, मला न्हाई बघवत. आता दहा-पंधरा मैल तर ऱ्हायलं. हळू चालवा, मी धरतो."

इथे एक कबुली द्यायला हवी. सकाळपासून नियमाचा झेंडा मिरवणारा मी त्या क्षणी वितळलो. "घ्या एकदाचं," म्हणालो आणि गाडी कडेला घेऊ लागलो.

"नाही," मागून नीता म्हणाली. "गाडी चालतेय तोवर नाही. रडू दे तिला. मला ऐकवतंय."

मला राग आला. कोणाचा ते ठाऊक नाही, बहुतेक स्वतःचाच. त्या रागात मी गाडी जरा जास्तच दामटली. कोयनानगरच्या अलीकडे एक आंधळे वळण आहे. ते घेतले आणि समोर अख्खा रस्ता मेंढरांनी भरलेला.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. धप्प आवाज झाला, कसलीतरी काच तडकली, आणि गाडी पहिल्या मेंढरापासून दोन हातांवर थांबली.

सईचे रडे बंद झाले होते. ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. मग नीताचा आवाज आला, "बरी आहे. काही झालेलं नाही तिला." सई चकित होऊन आईकडे बघत होती. तिची पाठ खुर्चीत नुसती दाबली गेली होती. मग तिने एक उचकी दिली आणि माझा जीव भांड्यात पडला.

समोरच्या काचेला मोठी चीर गेली होती. नारळ फुटून संताजीच्या पायाशी पडला होता, पायपुसण्यावर पाणी सांडले होते. आणि संताजीचे दोन्ही हात समोर डॅशबोर्डवर टेकलेले होते. ते त्याने हळूच उचलले आणि उलटेसुलटे करून बघत राहिला.

"दाजी, मी सोडला न्हाई त्यो," तो म्हणाला. "हात आपोआप म्होरं गेलं."

विट्याहून निघताना मी सगळे बांधून घेतले होते. नारळ तेवढा विसरलो होतो.

काठी आपटत एक धनगरीण आली. "हळू हाका की वो पावणं! माझी जितराबं हायती रस्त्यात!" मी उतरून हात जोडले. तिच्या मागे एक घोडे उभे होते. त्याच्यावर सगळा संसार लादलेला: भांडी, वाकळा, एक कोंबडी. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, लुगड्याच्या पट्टीने छातीला नि कमरेला बांधलेले वर्षभराचे लेकरू मजेत भाकरीचा तुकडा चघळत होते.

तिने आमच्या गाडीत वाकून पाहिले. "तुमीबी बांधलंय व्हय? ब्येस केलंसा."

संताजी खाली उतरला होता. त्याने हलक्या आवाजात विचारले, "मावशी, हातात धरलं तर न्हाई चालत?"

"घोडं बुजलं म्हंजी हात आदी आपल्यालाच सावरतो रं लेका, मग लेकराला," ती म्हणाली. "तुझी चूक न्हाई त्यात. समद्यांचं हात तसंच असत्यात."

तिने मेंढरे कडेला घेतली, आम्हाला वाट करून दिली. तिचे नाव विचारायचे राहून गेले, त्याची चुटपुट अजून आहे.

कोयनानगरला दुसरा नारळ घेतला. तो नीताने डिकीतल्या पिशवीत खोल ठेवला. देवळाच्या ओवरीत संताजी मांडी घालून बसला, सईला त्या मांडीवर बसवले. कात्री लागताच ती रडू लागली, पण मामाने दोन्ही हातांनी तिला इतके अलगद धरले होते की ती त्याच्या अंगठ्याशी खेळत गप्प झाली. मऊ केसांची पहिली बट पडली तेव्हा संताजी उघडउघड रडला. पुजाऱ्यांच्या घरी नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा जेवलो. इतके गोड जेवण मला आठवत नाही.

परतताना संताजीनेच सईचे पट्टे लावले आणि खुर्ची गदागदा हलवून बघितली, अगदी माझ्यासारखी. मग तो मागे तिच्या शेजारी बसला, स्वतःचा पट्टा लावला. सई त्याचे बोट धरून झोपली.

उन्हे कलता कलता विटा आले. उतरण्याआधी त्याने कोइमतूरला बायकोला फोन लावला. "परीला म्होरं घिऊ नगंस गाडीत. आन मीबी आता मांडीवर घिऊन ष्टेरिंग धरू देणार न्हाई. व्हय, मीच सांगतोय." फोन ठेवून तो म्हणाला, "रोज देत हुतो, दाजी."

आता काच बदलली आहे. सईच्या डोक्यावर नवे केस आलेत, हात फिरवला की तळव्याला गुदगुल्या होतात. तसा हात फिरवताना कधी देवीचे आभार मानतो, कधी त्या मावशीचे, आणि दरवेळी नीताचे. कारण मी तर 'घ्या' म्हणून मोकळा झालो होतो. तिने 'नाही' म्हटले, म्हणून त्या वळणावर मामाच्या मांडीवर नुसता नारळ होता.