खरपुडीचे बारा कंद

पोस्टातून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, मी गच्चीवर गेलो. लातुरात आमचं झाडवेड्यांचं एक टोळकं आहे. रविवारी एकमेकांच्या कुंड्या बघायच्या, तोंडभर कौतुक करायचं आणि घरी येऊन नावं ठेवायची, हा आमचा धर्म.

त्या टोळक्यात एकदा नांदेडच्या विद्यापीठातली एक मुलगी आली. देगलूरची, वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करणारी. तिचा विषय होता खरपुडी. पावसाळ्यात माळावर झुडपांच्या आधारानं चढणारा हा बारीक वेल. फूल इवलंसं, कंदिलाच्या घाटाचं. हिवाळ्यात वेल वाळून जातो आणि जमिनीत उरतो तो कंद. गुराखी तो खणून कच्चाच खातात. जळकोटच्या माळावरची खरपुडी आणि देगलूरकडची खरपुडी एकच की वेगळी, हे तिला ठरवायचं होतं. त्यासाठी दोन्हीकडचे कंद एकाच मातीत, एकाच पाण्यावर वर्षभर वाढवून मग मोजायचे होते. विद्यापीठाकडे कंद होते, सांभाळणारे हात नव्हते. ते आमच्याकडे रिकामेच होते.

तिनं आम्हा चौघांना बारा-बारा कंद दिले. सहा जळकोटचे, सहा देगलूरचे. जळकोटच्या कुंडीला लाल पट्टा, देगलूरच्या कुंडीला निळा. "काका, बाकी काही करू नका," ती म्हणाली. "फकस्त कुठला कंद कुठला, तेवढं सांभाळा."

वेल वाळले, कुंड्या बोडक्या दिसायला लागल्या, तसा बाकीच्या तिघांना धीर धरवेना. रोज पाणी घालून घालून त्यांनी कंद कुजवले. अति तिथं माती. माझे तेवढे बाराच्या बारा जगले आणि मी टोळक्यात मान ताठ करून हिंडू लागलो.

वैशाखात तिचा फोन आला, की पुढच्या आठवड्यात मोजायला येते. आता विद्यापीठाचं माणूस येणार आणि कुंड्यांवर पांढरे क्षार चढलेले, हे मला कसं खपावं? नव्या कुंड्या आणल्या, पट्टे रंगवले. जुनी माती चाळून घ्यावी म्हणून त्या भरात सगळ्या कुंड्या एकाच घमेल्यात उलट्या केल्या. चाळणीत बाराही कंद एकमेकांवर आपटायला लागले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

सदतीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं ठिकाणावर पोचवली होती. म्हटलं, यांचंही ठिकाण ओळखू. चपटे चपटे लाल पट्ट्यात, गोल गोल निळ्यात. जळकोटची जमीन खडकाळ, तिथला कंद चपटाच होणार, असं मी स्वतःला पटवलंसुद्धा.

ती आली, मोजमाप केलं. मी चहा घेऊन गच्चीवर गेलो, तर तिचा चेहरा नुसता खुललेला.

"काका, दोन्हीकडले कंद सरळ येगळे हायेत की! लई मोठं काम झालं बघा. माझ्या प्रबंधाचा एक अख्खा भाग ह्याच्यावर उभा राहतो. लेखात तुमचं नाव टाकते, आभारात न्हाई, वर, माझ्या बरोबर."

मी म्हणालो, "साखर बरोबर आहे ना?"

आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. चोराच्या मनात चांदणं, कुणी नुसतं 'खरपुडी' म्हटलं तरी दचकायचो. शेवटी बायको म्हणाली, "असं तोंड पाडून काय बसलाव? सांगून टाका की एकदाचं." मी एसटीनं नांदेडला गेलो.

प्रयोगशाळेत ती एकटीच होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, चाळणी, घमेलं, गोल आणि चपटे. तिनं मोजमापाची वही उघडली.

"म्हंजे मी कंद मोजलेच न्हाईत," ती म्हणाली. "तुमची निवड मोजली."

तिनं पानावर आडवी रेघ मारली. चहा विचारला नाही, आणि तिचं बरोबरच होतं. परतीच्या गाडीत मला माझी अतोनात लाज वाटली. वर्ष तिचं गेलं होतं. माझं काय, एक नाव.

श्रावणात फोन आला. "काका, जळकोटला चाललेय. यायलाव का?" मी चपला घालूनच हो म्हणालो.

माळावर वेल फुलावर आले होते. तिनं खुरप्यानं पहिला कंद उकरला, चपटा. हातभर अंतरावरचा दुसरा निघाला गोल, लिंबासारखा. तिसरा गोल, चौथा चपटा. एकाच माळावर, एकाच उन्हात. कंदाच्या आकारावरून जाती वेगळ्या वगैरे काही ठरतच नव्हतं. दोन जाती मी एका दुपारी गच्चीवर बसून तयार केल्या होत्या.

ती टाचांवर बसली. "तुम्ही बोलला नसता, तर मी हे परीक्षेत छाती काढून सांगितलं असतं," ती म्हणाली आणि हसायला लागली. मलाही हसू आलं. किती दिवसांनी मोकळं वाटलं, काय सांगू.

वाटेतल्या फाट्यावर भजी खाऊन झाल्यावर तिनं पिशवीतून दोन पुड्या काढल्या. एकीत जळकोटचे सहा कंद, दुसरीत देगलूरहून आधीच आणलेले सहा. दोन्ही माझ्यापुढे धरल्या.

"मला?" मी म्हणालो. "दुसरं कुणी मिळालं नाही?"

"दुसरे कुजवतेत, आन् विचारलं तर जगले म्हणतेत. तुम्ही मिसळले, पण सांगितलं. धरा."

एसटीला गर्दी नव्हती, शेजारची जागा रिकामी होती. तरी लातूर येईपर्यंत मी एक पुडी डाव्या हातात आणि एक उजव्या हातात धरून बसलो. कंडक्टरनं तिकीट मागितलं तेव्हा त्याला म्हणालो, "वरच्या खिशात पैसे आहेत, तूच काढून घे बाबा."