बाहेरगावी नक्की कोण?

आमच्या कारखान्यातून परदेशी जाणारी सगळी पत्रं मी लिहायची आणि खाली नाव मालकांचं असायचं. नव्वदच्या दशकात फॅक्स होता तेव्हाही तसंच, पुढं ईमेल आलं तेव्हाही तसंच. कारखाना उचगावच्या बाजूला, पंपांची कास्टिंग ओतणारा. मालक भट्टीपुढं वाघ, पण इंग्रजी म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. जर्मनीचा एक पंपवाला आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्याशी दरावरून घासाघीस, उशीर झाला की माफी, नवीन वर्षाच्या शुभेच्छा, सगळं मीच करत होते, मालक होऊन.

आई अधूनमधून विचारायची, "लिहितीस तू, मग खाली नाव त्येंचं का?" मी म्हणायची, अगं, कंपनीत असंच असतं. ती 'असंल' म्हणायची आणि ते 'असंल'च मला टोचायचं. बाबा होते तेव्हा भाड्याची खोली बघायला गेले की फक्त पहिलं नाव सांगायचे. आम्ही बौद्ध. आडनाव कळलं की घरमालकाला एकदम आठवायचं, खोली पुतण्याला द्यायची आहे. लग्न मी केलं नाही, तेच आडनाव लावत आले.

त्या वर्षी मी ठरवलं, दसऱ्याला आईला नागपूरला, दीक्षाभूमीवर न्यायचंच. बाबा दरवर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिले आणि गेले. आता आईचे गुडघे बोलायला लागले होते. रजा मागितली तर मालकांचा चेहरा पडला. खंडेनवमीला मशीनची पूजा, त्यात जर्मनीहून नवीन ड्रॉइंग यायचं होतं, मेलला उत्तर कोण देणार? मी म्हटलं, उत्तर आपोआप जाईल अशी सोय करून जाते, पण जाणार.

मग सोय शोधायला लागले. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं एक सीडी आणली. प्रोग्रॅम झकास, प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं उत्तर द्यायचा. फक्त कॉम्प्युटर आणि फोनची लाइन सतत चालू हवी. अरे बाबा, इथं लोडशेडिंग किती! वीज गेली की तोही आमच्यासारखाच हातावर हात ठेवून बसणार. राजारामपुरीतला नेटकॅफेवाला म्हणाला, पासवर्ड द्या, मी रोज बघून उत्तर टाकतो. म्हणजे आमचे सगळे दर त्याच्या हातात? डोकं फिरलं नव्हतं माझं. शेवटी मेलच्या साइटवरच रजेच्या काळात आपोआप उत्तर पाठवायची सोय सापडली. साधी होती, सगळ्यांना एकच उत्तर. पण काम तिकडं लांब त्यांच्या मशीनवर चालणार, इथं वीज असो नसो. मी तीच धरली.

इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: मी बाहेरगावी आहे, दसऱ्यानंतर उत्तर देईन. खाली सवयीनं मालकांचं नाव. माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून मेल टाकून बघितली, उत्तर लगेच आलं. खुशीत मालकांना त्याचं मराठी करून सांगितलं.

ते खुर्चीतून उठलेच. "मी कुठं जातोय? मी हितंच हाय की."

बरोबरच होतं त्यांचं. जर्मनीवाल्यानं फोन केला आणि ह्यांनीच उचलला तर? मग त्यांनी सुचवलं, कारखान्याला सणाची सुट्टी आहे असं लिही. पण भट्टी तर चालू राहणार होती, आणि कारखाना बंद समजून त्यानं ड्रॉइंग दुसऱ्याला दिलं असतं तर काय घ्या. इतकी वर्षं हे झाकून निभावलं होतं, आणि आता दोन ओळींनी आमची पंचाईत केली. जे माणूस जाणार होतं त्याचं नाव घातल्याशिवाय त्या ओळी खऱ्या होत नव्हत्या.

मी म्हटलं, माझं नाव घालते. मालक पेपरवेट फिरवत बसले. मला इंग्रजी येत न्हाय हे त्याला कळंल, म्हणाले. मी म्हटलं, त्याला तुमची कास्टिंग हवीत, इंग्रजी नकोय. ते त्यांना पटलं. माणूस वाईट नव्हता. पण मग म्हणाले, "बरं, घाल. पण नुसतं पहिलं नाव घाल. आडनाव कशाला?"

त्यांच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, कदाचित काहीच नसेल. माझ्या मात्र अंगाची आग झाली. परक्या दारात पहिलं नाव सांगून थांबलेले बाबा डोळ्यांपुढं आले.

"पूर्ण नाव घालणार," मी म्हणाले. "न्हायतर कायच घालत न्हाय, मेल पडू दे तशीच. आन् नागपूरला मी जाणार म्हंजे जाणार."

ऑफिसात मी एरवी पुस्तकी बोलते. त्या दिवशी घरची बोली तोंडात आली. मालक उठून भट्टीकडं निघून गेले, तो मी होकार समजले. नवीन ओळी लिहिल्या: या कंपनीचा पत्रव्यवहार मी पाहते, आईबरोबर प्रवासाला गेले आहे, परत आल्यावर उत्तर देईन. खाली पूर्ण नाव.

नागपुरात मी एकाही नेटकॅफेची पायरी चढले नाही. गिऱ्हाईक तुटलं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं. आई स्तूपासमोर हात जोडून उभी राहिली ती राहिलीच, गुडघ्यांचं तिनं नावसुद्धा काढलं नाही.

परत आले त्या सकाळी मालक माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. ड्रॉइंग आलं होतं. शिवाय माझ्या आपोआप गेलेल्या उत्तरालाही जर्मनीवाल्यानं उत्तर दिलं होतं. सुरुवातीलाच मला आडनावानं, आदरानं हाक होती. पुढं लिहिलं होतं: इतकी वर्षं पत्रं तुम्ही लिहीत होता तर, आईबरोबरचा प्रवास सुखाचा होवो, ड्रॉइंगची घाई नाही. मी मालकांना शब्द न् शब्द सांगितला. त्यांनी प्रिंट काढायला लावली. मला वाटलं फाइलला हवी असेल. ते म्हणाले, घरी ने, आईला दाखव.

आईला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. आडनाव होतं तिथं बोट ठेवून मी वाचून दाखवलं. तिनं चष्मा पदरानं पुसून परत बघितलं.

"तुझ्या बाबांचं आडनाव हाय की हे," ती म्हणाली. "एवढ्या लांब गेलं, आन् कुणी काय विचारलं न्हाय?"

"न्हाय," मी म्हणाले. "कुणीच न्हाय."