साहेबांच्या हस्ते

सातपूरच्या ज्या कारखान्यात आमचे हे फिटर होते, तिथे ऐंशी सालानंतर एका दिवाळीआधी निम्मी माणसं कमी केली. ह्यांचा नंबर त्यात पहिला. कॉलनीच्या गणपतीत मोठ्या साहेबांची नक्कल करायची दांडगी हौस. भोगा आता, मी म्हटलं. मग कळलं, ज्यांनी जन्मात तोंड उघडलं नव्हतं तेही गेलेच.

थोड्या दिवसांनी मुंबईहून एक दाढीवाला फिल्म काढायला आला. विषय हाच, माणसं काढण्याचा, पण फिल्म गमतीची. साहेब एकेका कामगाराला स्टेजवर बोलावणार, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आणि फोटोसाठी हसत हसत सांगणार, उद्यापासून येऊ नका. साहेब अर्थात आमचे हे. कोट गंगापूर रोडच्या ड्रायक्लीनरकडून आणलेला, कुणाच्या तरी लग्नाचा. कामगार मात्र खरेच, काढलेले. शाल एकच होती. एकाच्या अंगावरून काढायची, झटकायची, दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायची.

आमच्या शेजारच्या वेल्डरची आई नेमकी शूटिंगच्याच दिवशी विंचूरकडच्या खेड्यातून एस्टीने पहिल्यांदाच आली. पोराला काढल्याचं तिच्या कानावर गेलं होतं, आणि बायकोपोरांसकट त्याला गावी न्यायचं ठरवूनच ती निघाली होती. गावी म्हणजे भावाच्या शेतात राबायचं आणि भावजयीचं ऐकून घ्यायचं. वेल्डर काही केल्या तयार नव्हता. कारखाना परत बोलावील अशी त्याला आशा होती. पण आईला नाही म्हणायची छाती नव्हती.

घराला कुलूप बघून ती शोधत कॉलनीच्या मैदानात आली, तिथेच शूटिंग चाललं होतं. तिला लांबून दिसलं ते एवढंच: कोटातला साहेब पोराला शाल घालतोय, नारळ देतोय, लोक टाळ्या पिटतायत. साहेब काय म्हणाला ते टाळ्यांत बुडालं. सत्कार म्हटल्यावर फोटोवाला असतोच, त्यामुळे कॅमेऱ्याचंही तिला काही वाटलं नाही. ती तडक स्टेजपाशी आली आणि ह्यांच्यापुढे हात जोडले.

“लय उपकार झाले, साहेब. लोक काय बी बोलत्यात. काढलेल्या माणसाला कुणी शाल देतं का?”

तिच्या मागे वेल्डर उभा होता. ह्यांच्याकडे बघून नुसती मान हलवत होता, सांगू नका, सांगू नका. एरवी ह्यांच्या तोंडाला टाळं लावावं लागतं. त्या दिवशी नुसतं कोटाचं बटण लावलं, काढलं.

“मुलगा कामाला चांगला आहे, आजी,” हे शेवटी म्हणाले.

मला असा राग आला ह्यांचा. ह्यांच्या जागी मी असते तर काय सांगितलं असतं, तेही सुचेना.

दाढीवाल्याला हे फार आवडलं. तिला म्हणाला, आजी, पुन्हा एकदा हात जोडा. तिने जोडले. फिल्मला पुढे कुठेतरी बक्षीस मिळालं आणि लोक सगळ्यात जास्त तिथेच हसले म्हणे.

संध्याकाळी तिने घरोघर साखर वाटली. आम्हीही घेतली, काय करणार; कोट उतरवलेल्या ह्यांना तिने ओळखलंच नाही. गावी न्यायचा विषय तिने पुन्हा काढला नाही. उलट मला म्हणाली, “आता मीच ऱ्हाते इथं. पोराला गरम डबा करून देते.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या भोंग्याला ती दारात उभी राहिली आणि वेल्डर डबा घेऊन निघाला. मग रोजच निघायचा. दिवसभर कारखान्याच्या भिंतीलगत बाभळीखाली बसायचा, पाळी सुटली की सुटलेल्या माणसांत मिसळून घरी यायचा. ती विचारायची, आज लय काम होतं का? होतं, म्हणायचा.