हातात आलेलं गंगावन

मी जन्मले तेव्हा सुईण आईला म्हणाली, "बाळ अगदी निरोगी आहे हो." रंगाबद्दल, नाकाबद्दल अवाक्षर काढलं नाही तिने. आईने तिथेच ओळखायला हवं होतं. मुली वयात आल्या की खुलतात, असं आळीतल्या बायका सांगत, म्हणून मी बिचारी वाट बघत बसले. वयात आले आणि नुसती उंच झाले. परकराला दोनदा पट्टी जोडून झाली, मग आई वैतागून म्हणाली, "आता पातळच नेस बाई." महिन्याचे चार दिवस कोपऱ्यात बसायची वेळ आली की माझ्या मैत्रिणी रडायच्या. मला तर ती सुट्टीच वाटायची. विहिरीवरून पाणी आणायला नको, भांडी घासायला नकोत, आणि आरशाला शिवायचं नाही हे तर फारच सोयीचं.

त्यात टायफॉइड झाला. जीव वाचला, केस गेले. परत आले ते इतके विरळ, की वेणी घातली तर करंगळीएवढी व्हायची. आणि नेमकं तेव्हाच स्थळ चालून आलं. आम्ही कुळगावात राहायचो, वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. मुलगा तिथेच कारकून. पत्रिका जुळली. आईच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आता मुलगी दाखवायची होती.

उल्हासनगरचा कॅम्प तेव्हा नवानवा वसला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं लष्कराच्या जुन्या बराकींत राहायची आणि रस्त्याच्या कडेला फळ्या टाकून पापडापासून पलंगापर्यंत काहीही विकायची. तिथे गंगावनं मिळतात, म्हणजे वेणीला जोडायचे उसने केस, असं आईला कळलं. आईने मला बरोबर घेतलं. फळीवरची सिंधी बाई प्रत्येकीला 'अदी' म्हणायची, म्हणजे ताई. तिने माझ्या डोक्याकडे एकदाच बघितलं आणि सगळ्यांत जाड गंगावन काढलं. "असली बाल है, अदी. लड़की रानी लगेगी." आईने ते पिशवीत मेथीच्या जुडीखाली दडवून घरी आणलं.

दाखवायच्या दिवशी आईने माझ्या करंगळीएवढ्या वेणीत ते गुंफलं, काळ्या दोऱ्याने करकचून बांधलं, वर अबोलीचा गजरा माळला. मी मागे हात लावून लावून बघत होते. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला मी आवडले होते.

मुलाची आई ठसठशीत बाई. गोरी, अंगाने भरलेली, मानेवर केवढा तरी अंबाडा. ती बोलायची ते हुकूम सोडल्यासारखं. मला तांब्यातल्या पाण्याने पाय ओले करून फरशीवर चालायला लावलं, तळवे सपाट आहेत की काय ते बघायला. सुईत दोरा ओवायला लावला. मोठ्याने वाचायला लावलं. सगळं पार पडलं. आई आतून कानोसा घेत होती, वडिलांचा चेहरा सैलावला होता. मग बाई म्हणाली, "वेणी बघू बरं," आणि मी पाठ वळवली.

तिने ती बघितली नाही, ओढली. विहिरीचा दोर ओढतात तशी. काळा दोरा तुटला आणि गजऱ्यासकट गंगावन तिच्या हातात आलं.

त्या बाईला ते गुपचूप माझ्या मांडीवर ठेवता आलं असतं. आजवर मी हाच विचार करते. तिने ते वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं हलवलं आणि म्हणाली, "अगं बाई! अर्धी सून तर इथेच हातात आली. उरलेली कशाला न्यायची?"

पुरुष हसले. मुलगा हसला. मध्यस्थ म्हणून आलेला आमचा मामासुद्धा हसला, मेल्याला पोह्यांचा ठसका लागला. बाईने गंगावन पोह्यांच्या ताटाशेजारी टाकलं आणि चपला घातल्या. मी पाठ वळवूनच उभी होते, कारण तोंड फिरवलं तर रडू दिसेल. भिंतीकडे बघत मी मनाशी म्हटलं, बाई गं, तुझं डोकं मी एक दिवस चारचौघींत असंच उघडं पाडीन. नाही पाडलं तर नावाची नाही.

संध्याकाळी आई चुलीपुढे बसून रडत होती. मला ते बघवेना. मी उठले, पदर खोचला, मानेवर उशी बांधून अंबाडा केला आणि त्या बाईच्या आवाजात म्हटलं, "वेणी बघू बरं!" आईने डोळे पुसले आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायला लागली. शेजारीण धावत आली, म्हणाली, "काय झालं गो?" तिलाही करून दाखवलं. अशी माझ्या नकलेची सुरुवात झाली.

पुढे बायकांचा काही कार्यक्रम निघाला, की मला बोलावणं यायचं. डोहाळजेवण, बारसं, हळदीकुंकू, सगळीकडे. बदलापूरपासून अंबरनाथपर्यंत माझं नाव झालं. मी आधी स्वतःलाच झोडपायची, माझे दात, माझी उंची, माझा रंग. स्वतःवर हसलं की समोरच्या बायका निर्धास्त होतात. मग हळूच दुसरीची पाळी येते. गंगावन ओढायचा प्रसंग मी दर वेळी करायची, पण बाईचं ते वाक्य मात्र कधी म्हणाले नाही. ते मी राखून ठेवलं होतं. मधल्या काळात माझं लग्नही झालं. नवरा भला माणूस, आणि ठार टकला. आमच्या घरात केसांचा विषयच मिटला.

काही वर्षांनी माझ्या नकलेतलं गंगावन उंदरांनी कुरतडलं, म्हणून मी नवं घ्यायला कॅम्पात गेले. तीच सिंधी बाई, आता फळीच्या जागी टपरी. मी रिबिनी बघत आडोशाला उभी होते. आत स्टुलावर कुणीतरी पाठमोरी बसली होती, केस सोडून. केस कसले, मूठभर पांढऱ्या काड्या. सिंधी बाईने मागच्या डब्यातून करडं गंगावन काढलं आणि तिच्या मानेवर लावून बघितलं.

"नीट बसलं पाहिजे हां," स्टुलावरची बाई म्हणाली. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला अध्यक्ष म्हणून बोलावलंय अंबरनाथला."

तो आवाज मी इतकी वर्षं माझ्याच तोंडातून काढत होते. मला कशाला चुकेल?

"तूफान में भी नहीं निकलेगा, अदी," सिंधी बाई म्हणाली.

आणि त्या हळदीकुंकवाला नकला करायला कुणाला बोलावलं होतं? मला! रिबिनी तिथेच टाकून मी निघाले, माझं गंगावन दुसऱ्या दिवशी येऊन घेतलं. देव आहे, अशी माझी त्या दिवशी खात्री पटली.

अंबरनाथच्या शाळेची मोठी खोली, दुपारची वेळ, सतरंजीवर बायकाच बायका. पहिल्या रांगेत खुर्चीवर ती, काळी चंद्रकळा आणि मानेवर केवढा तरी अंबाडा. शेजारी तिची सून, गोरीपान, लांब केसांची. मी नेहमीसारखी स्वतःपासून सुरुवात केली. ती पोट धरून हसत होती. मला तिने ओळखलंच नव्हतं. का ओळखेल? तिने माझे पाय बघितले होते, वेणी बघितली होती, तोंडाकडे कुठे बघितलं होतं? ओले पाय झाले, सुईदोरा झाला. मी खोट्या वेणीला हिसका दिला, गंगावन वर धरून हलवलं आणि म्हणाले, "अगं बाई! अर्धी सून तर इथेच हातात आली. उरलेली कशाला न्यायची?"

सगळ्या खोलीत हशा फुटला. ती एकटी हसायची थांबली.

मी तिच्याच चालीने चौथऱ्यावरून खाली उतरले. "आता जरा इथल्या सुनांच्या, सासवांच्या वेण्या तपासू," म्हणत एकेकीच्या केसांना हात लावत निघाले. बायका किंचाळत होत्या, पदर ओढून घेत होत्या. तिच्या खुर्चीमागे आले आणि थांबले. तिचा अंबाडा माझ्या मुठीत होता. आकडे कुठे खोचलेत तेसुद्धा बोटांना लागत होतं. एक हिसका, बस्स. तिची मान ताठ झाली होती, आणि अगदी हळू, मला एकटीला ऐकू येईल असं ती म्हणाली, "नको गं."

मला दया आली नाही. लोक म्हणतात अशा वेळी येते, मला नाही आली. मला एवढंच सुचलं, की ओढलं तर आज बोभाटा होईल, आणि उद्या बायका हिचीच कीव करतील. मी वाकले आणि तिच्या कानात म्हणाले, "कॅम्पातलं ना? आमचंही तिथलंच होतं." मग हात वर करून मोठ्याने म्हणाले, "अस्सल! एकेक केस अस्सल आहे हो!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेनेही वाजवल्या, सासूकडे बघत.

तेव्हापासून दर संक्रांतीला मी तिला आवर्जून हळदीकुंकवाला बोलावते. ती येते. न येऊन सुनेला कारण काय सांगणार? मी आधी तिला अत्तर लावते, तिळगूळ देते, तिळगूळ देताना जे म्हणायचं ते अगदी गोड आवाजात म्हणते. मग वाण. बाकी सगळ्यांना कुंकवाचा करंडा, नाहीतर वाटी, नाहीतर फणी. तिला एकटीला दर वर्षी केसांच्या आकड्यांचं पाकीट.

"आईंनाच का हो नेहमी आकडे?" गेल्या खेपेला सुनेने विचारलं.

"अगं, एवढा जड अंबाडा," मी म्हणाले, "नीट बसायला नको?"

सून हसली. सासूचा हात मानेवर गेला, आणि घरी जाईपर्यंत तो तिथेच होता.