आबांची डावी नळी

उस्तादांच्या दुकानाची मागची भिंत आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच. त्या भिंतीला खिडकी, आणि खिडकीखाली माझा ओटा. भाकऱ्या थापता थापता पलीकडचं सगळं ऐकू येतं. मुद्दाम ऐकत नाही हो मी! पण कानाला काय झाकण लावू? बावीस वर्षांत इतकं साठलंय की फडताळातून एक पातेलं ओढावं आणि सगळी चळत अंगावर यावी, तसं एक किस्सा सांगायला घेतला की मागचे चार आपोआप खाली येतात.

उस्ताद म्हणजे हनीफभाई. बारामतीत बंदुका दुरुस्त करतात, रीतसर लायसन्स घेऊन. त्यांच्या वडिलांचंही हेच काम. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. पीक राखायला म्हणून आजोबाच्या नावावर मिळालेली बारा बोअरची बंदूक, ती आता नातवाच्या नावावर. मी सातवी पास. पण बंदुकीच्या नळीचं काही विचारायचं असेल तर खुशाल मला विचारा!

*

एकदा वरकुट्याकडचे एक पाटील आले. "उस्ताद, बंदुकीचा कोंदट वास येतोय. दारू सर्दावली वाटतं."

उस्तादांनी बंदूक मधोमध दुमडून उघडली, रिकामी असल्याची खात्री केली, नळीतून उजेडाकडं बघितलं. उजेडच दिसेना! गज घातला आणि पलीकडून ढकललं, तर वाळक्या झेंडूचा हा एवढा गोळा बाहेर पडला.

खंडेनवमीला घरच्या बाईनं बंदुकीची पूजा केलेली. हार पडायला लागला म्हणून दोन फुलं नळीच्या तोंडात नीट खोचून ठेवलेली. दसरा होऊन तीन महिने झालेले.

उस्तादांचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी चढला. "पाटील, ह्याच्यावर बार काढला असता तर नळी फाटून हातात आली असती! नळीत फूल असो न्हायतर चिखल, बंदुकीला दोन्ही सारखंच."

पाटलांनी बंदूक काखेत मारली. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, "फुलं परत द्या. देवाची हायत."

*

दुकानात काउंटरच्या वर एक जुनी नळी टांगलेली आहे. तोंडापासून दोन बोटं मागं तिला गोल फुगवटा आलाय, सापानं उंदीर गिळल्यासारखा.

ती एका लेथवाल्याची. हाताचा कसबी माणूस, पण डोकं फार चालायचं! शिशाचे छर्रे मऊ पडतात, म्हणून यानं काडतूस उकललं आणि सायकलच्या बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या भरल्या. बार काढला. बार झाला, नशिबानं बोटंही शाबूत राहिली, पण नळीच्या गळ्याशी ही गाठ आली.

घरी बायकोनं विचारलं, "हे काय झालं?"

"डिझाइन हाय ते!"

उस्तादांनी ती नळी मागून घेतली. आता कुणी पोलादाचं नाव काढलं की उस्ताद बोलत नाहीत, नुसतं वर बोट करतात. विचारतात, "असं डिझाइन पायजे का?"

*

आता आबांचं सांगते. खरं तर हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय.

आबा लासुर्ण्याच्या बाजूचे. सत्तरी कधीच ओलांडलेली, धोतर पांढरंशुभ्र, आणि खाकरणं असं की पलीकडं आबा खाकरले की अलीकडं माझी मांजर ओट्यावरून उडी मारते. एस.टी.त बसून खाकरले तर कंडक्टर बेल मारतो म्हणतात. ते मी बघितलं नाही. मांजरीचं मात्र डोळ्यांनी बघितलंय.

त्यांचा ऊस पाझर तलावाला लागून. उसात रानडुकरं शिरतात, एका रात्रीत गुंठेच्या गुंठे आडवे करतात. म्हणून आबा संध्याकाळी बांधावर उभं राहून वडिलांच्या दुनळी बंदुकीनं वर बार काढायचे. डुकरं पळायची, छर्रे तळ्यात पडायचे. चाळीस वर्षं हे असंच चाललेलं.

आबांची नात सई. इथं कॉलेजला शिकते, सुट्टीला गेली की वहीत तळ्यावरची पाखरं लिहून ठेवते. तिला काठाला एक बदक मेलेलं सापडलं. तिच्या सरांनी ते उघडून बघितलं, तर पोटात खड्यांबरोबर शिशाचे छर्रे. बदकं पोटात दाणे दळायला म्हणून खडे गिळतात ना, त्यात छर्रेही गिळतात, आणि शिसं म्हणजे विष.

सईनं ते छर्रे कागदात बांधून आणले आणि आजोबांच्या ताटाशेजारी ठेवले. "आबा, तुमचंच हायत."

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नातीला शब्द दिला, "माझ्या हातनं त्या तळ्यात पुन्हा शिसं पडणार न्हाय." मग स्वतः जाऊन लायसन्सवर स्टीलच्या छऱ्यांच्या काडतुसांचं एक खोकं आणलं, आणि खोकं अन् बंदूक दोन्ही घेऊन सईबरोबर उस्तादांकडं आले.

उस्तादांनी नुसतं वर बोट केलं.

"ते बेअरिंगचं," आबा म्हणाले. "हे कंपनीचं हाय. शब्द दिलाय मी पोरीला."

"आबा, शब्द तुमी दिलाय. बंदुकीनं न्हाय दिला."

"फटाके लावा की," मी खिडकीतून म्हटलं. राहवत नाही.

"लावलं, वहिनी! डुकरांना आता वाटतं लग्न हाय. जेवायला येत्यात!"

*

उस्तादांनी नळीच्या तोंडात माप घ्यायचं पितळी गेज घातलं. उजव्या नळीत सरळ आत गेलं, डाव्या नळीत तोंडालाच अडकलं. जुन्या दुनळीत असंच असतं. उजवी मोकळी, डावीचं तोंड आवळलेलं. त्या आवळण्याला चोक म्हणतात. नव्या बंदुकीत चोक स्क्रूनं काढून बदलता येतो. आबांच्या बंदुकीत तो नळीतच घडवलेला.

ह्या आवळलेल्या तोंडातून पोलाद जाणार नाही, उस्ताद समजावतायत, आबांना पटेना. "चाळीस वर्षं डाव्या नळीतनं बार गेला. आताच काय झालं तिला?"

शेवटी मी सोऱ्या घेऊन खिडकीशी गेले. चकलीची भिजवलेली भाजणी होतीच. दांडा दाबला, चकली सुळकन बाहेर! "आबा, हे शिसं. मऊ आहे, चेपतं, अरुंद तोंडातनं निघून जातं. आता ह्याच्यात कच्चे हरभरे भरते, हे पोलाद. दाबा."

आबांनी दाबलं. सोऱ्या कुरकुरला. आबांनी अजून जोर लावला आणि खालची चकती सटकून उस्तादांच्या चहात पडली.

आबांनी वाकलेली चकती चहातून बाहेर काढली. मग म्हणाले, "डावी बंद."

सोऱ्या माझ्या आईचा होता. असो. उस्तादांनी नवी चकती करून दिली, बंदुकीच्या पोलादाची! चकल्या अजूनही एकसारख्या पडतात.

*

उजव्या नळीलाही उस्तादांनी लगेच हो म्हटलं नाही. चोक कापून डावीही मोकळी करता येते, हे सांगून बघितलं. आबा उठूनच उभे राहिले. "बापाच्या बंदुकीचा गळा कापू व्हय?"

मग आठ दिवस बंदूक दुकानात राहिली. नळीची जाडी मोजली. नळीवरचे चाचणीचे शिक्के भिंगातून वाचले. काडतूस खोबणीत लांबीला बरोबर बसतं का ते बघितलं. एक काडतूस कापून छर्रा बारीक आहे ना आणि भोवती प्लास्टिकची जाड वाटी आहे ना, तेही तपासलं. वाटी नसली तर पोलाद नळीला आतून ओरखडतं. शेवटी परवानगीच्या रेंजवर बंदूक टायरला बांधली आणि लांबून दोरी ओढून बार काढला. परत येऊन पुन्हा मोजलं.

"उजवी चालंल," उस्ताद म्हणाले. "हेच खोकं, हाच बारीक छर्रा, साधा बार. दुसरं काय आणलं तर आधी मला दाखवायचं. आणि डावीत पोलाद न्हाय. कधीच न्हाय."

*

यातला एक किस्सा हसायचा नाही.

बंदूक न्यायच्या दिवशी उस्ताद हात धुवायला मोरीवर गेले. जाताना म्हणाले, "आबा, डाव्या नळीला लाल खूण करून ठिवा." लाल काय आहे? माझ्या लेकीचं नेलपॉलिश! मीच खिडकीतून दिलं.

बंदूक टेबलावर, उघडी, रिकामी. आबा समोरच्या बाजूला बसलेले, नळ्यांची तोंडं त्यांच्याकडं. त्यांनी मन लावून, जीभ बाहेर काढून, आपल्या डाव्या हाताकडच्या नळीला मोठा टिपका लावला. वर फुंकरही मारली.

मी भाकरी उलटायला वळले, आणि तशीच परत फिरले. "आबा, बंदूक खांद्याला लावून बघा बरं!"

त्यांनी लावली. टिपका उजवीकडं.

संध्याकाळी, अर्धवट उजेडात, आबांनी बिनखुणेच्या नळीत भरवशानं पोलाद भरलं असतं. ती डावी होती. त्याच नळीखाली त्यांचा हात असतो.

तोवर उस्ताद ओल्या हातानं आत आलेले. मग हळू म्हणाले, "चूक माझी. डावी कुणाची, ते मी सांगितलंच न्हाय." टिपका पुसला आणि मागच्या चापाला काळी चिकटपट्टी गुंडाळली, कारण डावी नळी त्याच चापावर उडते. वर दस्त्याला चिठ्ठी बांधली. आबांकडून दहा वेळा बंदूक उचलून घेतली, दहा वेळा विचारलं, "डावी कुठली?" अकराव्यांदा आबा म्हणाले, "आता उजवी इचारा की, तीबी येती मला!"

माझी भाकरी करपली. त्या दिवशी तीच गोड लागली.

*

मध्ये निवडणूक आली. बंदुका ठाण्यात जमा. हवालदारानं चिठ्ठी वाचली, "डावीत पोलाद देऊ नये."

"आबा, हे काय?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

हवालदार भला माणूस. पावतीवर लिहून दिलं, "उजवी ठीक. डावी पथ्यावर." उस्तादांनी त्या पावतीची झेरॉक्स काढून फुगलेल्या नळीशेजारी लावलीय.

*

यंदा आबांचा ऊस कारखान्याला गेला. टनेज उत्तम पडलं. आबा सईला घेऊन आले, हातात पेढे, काखेत बंदूक. "उस्ताद, साफ करून द्या. सीझन संपला."

मी खिडकीत होतेच. पेढ्यासाठी.

उस्तादांनी बंदूक उघडली, उजेडाकडं धरली, आणि एक डोळा मिटून बघतच राहिले. मग माझ्याकडं दिली. मीही बघितलं. दोन्ही नळ्यांत कोळ्याची जाळी. उजवीत जरा जास्तच.

आबांनी खोकं टेबलावर ठेवलं. उस्तादांनी कापलेलं एक आणि रेंजवर उडवलेलं एक सोडलं, तर सगळी काडतुसं जागच्या जागी.

"आबा, एकबी बार न्हाय काढला?"

"न्हाय. काढू म्हणून रोज बांधावर जायचो. उभं राह्यलो की आठवायचं, डावी कुठली, उजवी कुठली, आन् खाली बदकं पिल्लं घिऊन फिरत आसायची. मग ऱ्हायलंच."

"मग डुकरं?" उस्तादांनी विचारलं. "ऊस वाचला कसा?"

सईनं ओढणी तोंडाला लावली. तिचे खांदे हलायला लागले.

आबांनी पेढ्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला, हात धोतराला पुसले, आणि खाकरले.

माझी मांजर ओट्यावरून थेट अंगणात.