दाजीपूरचे गवे आणि बाबांची नजर

बाबांना डोळ्यांनी नीट दिसतं की नाही, एवढं एकच मला त्या मे महिन्यात जाणून घ्यायचं होतं. गवे हे निव्वळ निमित्त. दाजीपूरच्या जंगलात शिकार बंद होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि गवे आता माणसाला दिसण्याइतके धीट झालेत असं आमच्याकडे ऐकू यायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा मामा तिथे गार्ड होता. "बाई, या की एकदा," असं तो शाळेत भाचीला भेटायला आला की म्हणायचा. वैभववाडीजवळच्या त्या शाळेत मी दिवाळीनंतर नुकतीच लागले होते आणि शिक्षिकेला कुणी बोलावलं की मला भारी वाटायचं.

आमचं घर तोंडवलीचं. बाबा रापणीवर पाणी बघायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात गोल सोडून येते आणि मग सगळी वाडी, बायकामाणसांसकट, दोन्ही दोर धरून ओढते. पण होडी कधी सोडायची आणि कुठे, हे एकटा माणूस ठरवतो. तो उंचवट्यावर उभा राहून पाण्याचा रंग बघतो. बांगड्याचा थवा आला की तेवढं पाणी काळवंडतं. मग बाबा डोक्याचं मुंडासं सोडून हवेत फिरवायचे आणि "सुटा रे!" अशी आरोळी ठोकायचे. माझ्या जन्माच्या आधीपासून ते हे काम करत होते, आणि त्यांच्या नजरेवर वाडीचा देवाखालोखाल विश्वास होता.

तो विश्वास एका दिवसात गेला. मी नोकरीवर रुजू झाले त्याच आठवड्यात आईने शेजारच्या मुलाकडून मला पत्र लिहवून पाठवलं. बाबांनी मुंडासं फिरवलं, होडी गेली, अख्ख्या वाडीने दोन तास दोर ओढले, आणि जाळ्यात आला पालापाचोळा आणि चार कुर्ल्या. बाबांनी ढगाच्या सावलीला मासळी म्हटलं होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा उंचवट्यावर गेले तर तिथे एक तरणा माणूस आधीच येऊन उभा होता. बाबा परत फिरले आणि ओटीवर बसले ते बसलेच.

शिमग्याला मी घरी गेले तेव्हा बाबा जाळीसुद्धा विणत नव्हते. वाडीत सगळ्यांच्या तोंडी एकच, म्हाताऱ्याचे डोळे गेले. पावसाचा जोर ओसरला की नारळी पौर्णिमेला रापणीची माणसं बसून कामं वाटून घेत, आणि तेव्हा बाबांचं काम कायमचं जाणार हे दिसतच होतं. मला राग आला. नक्की कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून मी तो बाबांवर काढला. त्यांच्यापुढे हात धरून विचारलं, "किती बोटं सांगा बघू?"

त्यांनी माझा हात झटकला. "तुज्या मास्तरीणपणाक लागली आग," म्हणाले आणि आत गेले.

तर असं होतं. बोटांनी जमलं नाही म्हणून मी गवे काढले. एवढं मोठं जनावर, लांबून, झाडीत दिसतं की नाही, बघू या. दिसलं तर नारळी पौर्णिमेला मी वाडीशी भांडणार होते. नाही दिसलं तर बाबांना समजावून घरी बसवणार होते. दोन्हीची तयारी मी मनात करून ठेवली होती आणि दुसरीचीच जास्त केली होती, हे आज कबूल करते.

"गवो बगून काय करू?" बाबा म्हणाले. "रेडे रोज बगतंय."

"मी गार्डला शब्द दिलाय. माझी लाज जाईल."

माझी लाज हा मुद्दा त्यांना पटला. दोन एसट्या बदलून आम्ही फोंड्याला आलो आणि तिसरीने घाट चढलो. घाटात बाबा खिडकीशी बसून मागे बघत होते. वर पोचेपर्यंत समुद्राची रेघही दिसेनाशी झाली. "हंयसर वारो सुको आसा," एवढंच ते बोलले.

गार्डच्या झोपडीशी एक उघडी जीप उभी होती. कोल्हापूरचे एक डॉक्टर गवे बघायला आले होते, गळ्यात ही मोठी दुर्बीण. त्यांनी आम्हांला मागे बसायला सांगितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसले. दाट झाडीतून, कारवीच्या वाळक्या काठ्यांना घासत, जांभळांच्या सड्यावरून आम्ही कितीतरी वेळ फिरलो. शेकरू दिसलं, मोर दिसला, एका ओहोळाच्या चिखलात गव्यांचे खूर उमटलेले दिसले. गवे काही दिसेनात. दुपार कलली तसा गार्डने जीप एका कड्याशी थांबवली. समोर दरी, पलीकडे पिवळ्या गवताचा मोठा उतार आणि त्याच्या कडेने झाडी.

"इथं गप बसायचं," गार्ड म्हणाला. "बोलायचं न्हाई, हालायचं न्हाई. संध्याकाळी ह्या उतारावर उतरत्यात."

आभाळात वळवाचे ढग जमायला लागले होते. त्यांच्या सावल्या समोरच्या गवतावरून सरकत होत्या. डॉक्टर दुर्बिणीतून झाडीची कड न् कड धुंडाळत होते आणि गार्डला मान हलवून नाही म्हणत होते. मीही डोळे फाडून बघत होते. मला गवत दिसलं, सावल्या दिसल्या, बाकी काही नाही.

मग माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते झाडीकडे बघतच नव्हते. उताराच्या मध्यावर कुठेतरी त्यांची नजर रुतली होती, मान थोडी पुढे, पापणीही लवत नव्हती. त्यांचा हात वर मुंडाशाकडे गेला आणि खाली आला. थोड्या वेळाने पुन्हा गेला, पुन्हा खाली आला. ओठ कोरडे पडले होते. मला कळलं की त्यांना काहीतरी दिसतंय आणि ते खरं मानायची त्यांना भीती वाटतेय. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने बघितलं तर तिथे ढगाची सावली होती. मी मनात म्हटलं, संपलं. पुन्हा तेच.

बाबांनी मान वर करून आभाळाकडे बघितलं. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा उताराकडे. आणि पुढच्या क्षणी ते जीपमध्ये ताडकन उभे राहिले, मुंडासं सोडलं, डोक्यावर गरागरा फिरवलं आणि छातीच्या भात्यातून ओरडले, "सुटा रेऽऽ!"

दरी दणाणली. समोरची ती सावली फुटली. तिला पाय फुटले, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, आणि वीस-पंचवीस काळी धुडं माना वर करून उतारावरून धडधडत झाडीत घुसली. झाडं मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. मग सगळं शांत झालं. डॉक्टरांच्या हातातली दुर्बीण तशीच खाली राहिली होती.

"ओ काका, काय केलासा हे!" गार्डने कपाळावर हात मारला. "दोन दिवस आता येत न्हाईत ती!"

बाबा मुंडासं हातात धरून उभे. चेहरा मेल्याहून मेल्यासारखा. "चुकलंय," ते म्हणाले. "सवय, सायबानू. थवो दिसलो की हात थांबना नाय." मी मधे पडून डॉक्टरांना रापणीचं सगळं सांगितलं. माझी भाषा एकदम शाळेतली, छापील झाली, कारण मला रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

डॉक्टर आधी रागातच होते. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्हांला दिसले कसे? मी त्याच जागेवरून तीनदा दुर्बीण फिरवली. मला वाटलं सावली आहे."

"सावलीच वाटता," बाबा म्हणाले. "आदी आभाळ बगूचा. वर ढग धावता तशी खाली सावली धावता. हयली सावली थंयच बसान हुती, आणि तिच्या वर ढग नाय."

डॉक्टरांनी त्यांना दुर्बीण दिली. बाबांनी ती डोळ्यांना लावली, इकडेतिकडे बघितलं आणि परत केली. "ह्येच्यात आभाळ दिसणा नाय," म्हणाले. डॉक्टर मोठ्याने हसले. गार्डही हसला. जाताना गार्ड मला म्हणाला, "बाई, परत आणा काकांना. पर हात बांधून आणा."

परतीच्या एसटीत माझा आनंद पोटात मावत नव्हता. वाडीला काय काय सुनवायचं ते मी जुळवत होते. फोंड्याच्या उतारावर बाबा एकाएकी बोलले.

"माका गवे दाखवूक नाय हाडलंस तू. माका दिसता काय नाय ता बगूक हाडलंस."

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"आता कळला मा? दिसता."

"मग त्या दिवशी काय झालं?" मी विचारलं. "आभाळ आधी बघायचं, हे तुम्हीच म्हणता ना? मग त्या दिवशी ढग कसा नाही दिसला?"

गाडीने दोन वळणं घेतली. "आभाळाकडे बगूकच नाय," ते म्हणाले. "सकाळच्या गाडयेन तू गेल्लंस. पेटी घेवन, एकटा चेडू, घाटाखाली, माणसा धड वळखीची नाय. माजा ध्यान रस्त्यावर."

"हे वाडीत का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? चेडू नोकरेक गेला म्हणान रडत बसलंय, आणि तुमची रापण फुकट घालवलंय?"

त्यांनी नाही सांगितलं, पण मी सांगितलं. नारळी पौर्णिमेच्या बैठकीला बायकांच्या घोळक्यात उभं राहून, गव्यांसकट सगळं. बाबा मान खाली घालून वाळूत रेघा ओढत होते. मी संपवलं. मग तो तरणा माणूस उठला आणि म्हणाला, "काकानू, तुमी उभे ऱ्हवा. मी तुमच्या बाजूक ऱ्हवतंय, शिकतंय."

बाबा पुढे सात मोसम पाणी बघत होते. फक्त सुट्टी संपवून मी ज्या दिवशी परत निघायचे, त्या दिवशी वाडी त्यांना उंचवट्यावर चढू द्यायची नाही. त्या सकाळी मुंडासं फिरवायचं काम त्या तरण्याचं. बाबा मला गाडीवर सोडायला यायचे आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हवं तितकं बघत राहायचे.