कापून आणलेले कोट

कस्टमच्या कचेरीत तिला सगळे कातरबाई म्हणत. परदेशातून थंडीचे कोट आले की त्यातला नमुन्याचा एखादा तिच्या टेबलावर यायचा. वरचं कापड मागावरचं की सुयांवर विणलेलं, त्यावर प्लास्टिकचा थर आहे का, आत पिसं भरलीत की नुसता कृत्रिम कापूस, यावर त्या मालाचा वर्ग ठरायचा आणि वर्गावर कर. कागदावर व्यापारी काहीही लिहून मोकळा होतो, म्हणून ती कोट उलटा करायची, बाहीखालची शिवण उसवायची, अस्तराला कात्री लावायची आणि भिंगाखाली धागे बघायची. बटणं लावताना उजवीवर डावी बाजू येत असेल तर पुरुषांचा, डावीवर उजवी असेल तर बायकांचा, हे तर तिला जाताजाता कळायचं. रस्त्यातल्या माणसाच्या तोंडाआधी तिची नजर त्याच्या बटणांवर जायची.

निकाल लागला की कापलेला कोट भंगारात जायचा. नवा कोरा, उबदार कोट असा फुकट जातो हे तिच्या जिवाला लागायचं. घरी ती एकदा आईपाशी हळहळली. आईचा जन्म शिवणकामात गेलेला. ती म्हणाली, "अगं, मग इकडे आण की! कापलंच आहेस ना, जाळलं तर नाहीस?"

साहेबांच्या मागे लागून लागून तिने लेखी परवानगी काढली. कोट बेघरांच्या निवाऱ्याला द्यायचे, विकायचे नाहीत, एवढीच अट. तेव्हापासून मायलेकींचं छान जमलं. लेक कचेरीत कापायची, आई खिडकीशी मशीनवर बसून सांधायची. शिवण अशी बेमालूम, की लेकीला स्वतःचाच काप सापडू नये. "तू फाडत जा, मी निस्तरत जाते. लहानपणापासून हेच चाललंय आपलं," असं म्हणून आई हसायची.

मग एका हिवाळ्यात निवाऱ्याच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. चाचरत म्हणाल्या, "ताई, रागावू नका. एका आजोबांचा हातच बाहीतून बाहेर येईना. पुढून शिवून टाकलीय."

त्या दिवसापासून आई आंघोळीला गेली की ती घाईघाईने कोट तपासू लागली. कुठे खिशाचं तोंड बंद, कुठे अस्तर बाहेरच्या अंगाला. ती मुकाट्याने उसवायची आणि तोडकंमोडकं का होईना, पुन्हा शिवायची. एकदा आई ओल्या केसांनीच दारात येऊन उभी राहिली.

"उसवतेस कशाला? चुकलं का माझं?"

"नाही गं. साहेबांना आतलं पुन्हा बघायचंय."

"फार चिकित्सक बाई तुझे साहेब," आई म्हणाली. पण मशीनपाशी जाऊन ती नुसतीच बसून राहिली. तिला कळलं होतं.

पुढे सुईत दोरा ओवणं राहिलं, मग मशीनचं झाकण उघडणं राहिलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषधाने तो थांबणार नाही, हेही सांगितलं. वर्ष सरता सरता लेकीची ओळखही गेली. संध्याकाळी ती दारातून आत आली की आई पदर सावरून म्हणायची, "या. शिवायला टाकायचंय का?"

पहिल्या दिवशी लेकीने "आई, मी आहे" म्हणून पाहिलं. आई इतकी घाबरली, की तिने पुन्हा तो शब्द काढला नाही. "हो बाई, कोट आहे," एवढंच म्हणून ती कापलेला कोट आईच्या मांडीवर ठेवायची. आई काप बोटांनी चाचपायची आणि चुकचुकायची. "कुणी हो फाडलं असं?"

"माझ्याच हातून झालं."

"असू दे. माझीही पोर अशीच धसमुसळी आहे. ठेवा, करून देते. शिवून झालं की लगेच पैसे देऊ नका, आधी घालून बघा."

मग आई पोरीविषयी सांगत बसायची, आणि ते कौतुक ऐकायला ती रोज गिऱ्हाईक होऊन यायची. आपल्याविषयी आईच्या मनात एवढं काय काय होतं, ते तिला या परकेपणातच कळलं.

आई थंडीतच गेली, झोपेत. कार्य आटोपून कातरबाई कचेरीत रुजू झाली. टेबलावर नवा माल आला होता. तिने कोट उलटा केला, शिवण उसवली, धागे पाहिले आणि वर्ग लिहून दिला. पण कापलेला कोट भंगारात टाकायला मन होईना.

निवाऱ्याच्या बाईंना तिने फोन केला. "शिवणारी राहिली नाही हो आता."

त्या म्हणाल्या, "तसेच पाठवा, ताई. इथल्या बायका बसतील घेऊन. वाकडेतिकडे शिवतील, पण ऊब येईल."

घरी न शिवता साठलेल्या कोटांसकट गठ्ठा घेऊन ती स्वतःच गेली. दालनात चारपाच बायका सतरंजीवर दोऱ्याची रिळं घेऊन बसल्या होत्या. एकीने सरकून तिला जागा केली, आणि ती एक कोट मांडीवर घेऊन बसल्यावर विचारलं, "तुम्हाला येतं का शिवायला?"

"नीट नाही येत," ती म्हणाली, आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिला तिथे, त्या अनोळखी बायकांमध्ये फुटलं. शेजारणीने तिच्या मांडीवरचा कोट अलगद काढून आपल्याकडे घेतला.